लाल कॅनरीचा उसना रंग

पिंजऱ्यातल्या कॅनरीचा लालभडक रंग तिचा स्वतःचा नाही. रानातली कॅनरी पिवळट-हिरवी असते. लाली तिला मिळाली ती व्हेनेझुएलातल्या एका चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याकडून, रेड सिस्किनकडून. तिथले लोक त्याला लाडाने ‘कार्देनालितो’ म्हणतात.

जेमतेम १० सेंटिमीटरचा जीव. नराचं डोकं काळं, अंग शेंदरी. मादी करडी, छातीवर लालीची झाक. १८२० साली विल्यम स्वेन्सनने त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा उत्तर व्हेनेझुएलाच्या डोंगरउतारांवर तो भरपूर होता. एकोणिसाव्या शतकात टोप्या सजवायला आणि पिंजऱ्यात ठेवायला त्याला पकडू लागले. खरा घात मात्र पुढे झाला.

१९२०च्या दशकात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातले शिक्षक हान्स डुंकर यांनी सिस्किनचा नर आणि पिवळी कॅनरी यांचा संकर घडवायला घेतला. पिल्लांतल्या माद्या वांझ निघत, नरांपैकी काहींचीच पुढे वीण होई. ते नर पुन्हा कॅनरीशी जुळवत पिढ्या गेल्या, तरी पक्षी नारिंगीच राहिले. अडचण आहारात होती. हे पक्षी अन्नातली पिवळी रंगद्रव्यं शरीरात बदलून लाल करतात, त्यामुळे नुसता गुण उतरून भागत नाही, योग्य खाणंही लागतं. हे उमगल्यावर लाल कॅनरी साधली. हा बदल घडवणारं जनुक संशोधकांना सापडलं ते थेट २०१६ मध्ये.

या संकरापायी सिस्किनच्या नरांना पक्षीपालकांकडून मोठी मागणी आली होती. व्हेनेझुएलाने १९४०च्या दशकात कायद्याने संरक्षण दिलं, पण चोरटी पकड चालूच राहिली, आणि जंगलतोडीनेही त्याचा आसरा हिरावला. आज तो संकटग्रस्त यादीत आहे. २००८च्या सुमारास व्हेनेझुएलाच्या १०० बोलिव्हारच्या नव्या नोटेवर कार्देनालितो छापला गेला. रानात मात्र तो दिसणं दुर्मीळच झालं होतं. हे माझ्या मनाला फार लागतं.

एक दिलासा आहे. २००० साली संशोधकांना दक्षिण गयानाच्या रुपुनुनी गवताळ प्रदेशात, पूर्वीच्या ठिकाणांपासून शेकडो किलोमीटर दूर, सिस्किनचे थवे आढळले. चोरट्यांच्या भीतीने ही बातमी त्यांनी काही वर्षं जाहीर केली नाही. आता तिथल्या गावांतलीच माणसं या थव्यांवर नजर ठेवतात, आणि व्हेनेझुएलात सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांमधून या पक्ष्याला पुन्हा जागा करून देण्याचे प्रयत्न चालू आहेत.