नर्सरी सुरू करताय? एबीसीडी राहू द्या, आधी मुलाच्या शरीरात काय होतं ते बघा

नर्सरी जवळ आली की घरात एक वेगळीच धावपळ सुरू होते. रंग ओळखता येतात का, आकडे म्हणतो का, स्वतःचं पूर्ण नाव सांगते का, आणि त्यात ओळखीतल्या कुणाचं मूल हे सगळं धडाधड करतं असं कळलं तर मग विचारूच नका. पण पहिल्या चार-सहा महिन्यांत मुलाला खरं जड जातं ते यातलं काहीच नसतं. आपल्या माणसांपासून लांब राहणं, कलकलाटात तासन्‌तास काढणं, वर्गभर मुलांचे जंतू आणि अनोळखी माणसाला शू आली हे सांगणं, हे जड जातं. म्हणजे सगळा भार आधी शरीरावर पडतो, अक्षरं-आकडे फार नंतर येतात.

रडण्यापासून सुरू करू. आईबाबा नजरेआड झाले की घाबरणं साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं, दहा ते अठरा महिन्यांत सगळ्यात जास्त असतं आणि तीन वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांमध्ये ओसरतं, पण नवीन जागा नवीन माणसं आली की परत उफाळतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलं की मूल आपल्या माणसाला चिकटतं ती त्याची जीव सांभाळायची उपजत सोय आहे, आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की आईशी पक्कं नातं असलेली बरीच मुलं ती गेली की रडतात आणि परत आली की लवकर शांत होतात. त्यामुळे गेटवर भोकाड पसरणाऱ्या मुलाकडे बघून कुणी "फार लाडावून ठेवलंय" म्हणालं तर सरळ सोडून द्या.

आता शरीराचं. कॉर्टिसोल नावाचं एक हार्मोन आहे, ताण आला की वाढतं आणि थुंकीतूनही मोजता येतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पंधरा महिन्यांच्या ७० मुलांचं कॉर्टिसोल आधी घरी मोजलं, मग डे केअरमध्ये आई सोबत असताना आणि नंतर आई निघून गेल्यावर. आई गेल्यानंतरच्या तासाभरात ते घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के जास्त झालं. पण आई सोबत बसलेली असताना, ज्यांचं आईशी नातं घट्ट होतं त्या मुलांचं कॉर्टिसोल बाकीच्या मुलांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ज्या आयांनी सुरुवातीचे जास्त दिवस सोबत बसून काढले त्यांच्या मुलांचं नातं पक्कं राहिलं किंवा पक्कं झालं. म्हणजे "पहिल्याच दिवशी सोडून जा, रडून रडून शिकेल" या सल्ल्याला फारसा आधार नाही. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पहिले तीन दिवस पालक वर्गात बसतात आणि त्या तीन दिवसांत मुलाला एकटं सोडतच नाहीत, मग चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात. नर्सरी निवडताना मी तरी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारेन, की सुरुवातीला मला किती दिवस आत बसू द्याल?

अजून एक, अजिबात न रडणारं मूल. सगळे कौतुक करतात की किती शहाणं बाळ आहे. पण वरून शांत दिसणाऱ्या काही लहान मुलांचे हृदयाचे ठोके आणि कॉर्टिसोल मोजले तेव्हा आतून ती चांगलीच ताणाखाली होती असं दिसलंय. सगळीच शांत मुलं अशी नसतात, काहींचा स्वभावच निवांत असतो, पण रडत नाही म्हणजे रुळलं असं लगेच धरून चालू नका. रुळलेलं मूल खेळतं, टीचरकडे काहीतरी मागायला जातं, पडलं तर कुणाकडे तरी धावतं. "रडला का?" याऐवजी टीचरला हे विचारा.

आणि गुपचूप सटकू नका प्लीज. त्या दिवशी रडणं वाचतं पण आई कधीही गायब होऊ शकते हे मुलाच्या डोक्यात बसतं आणि मग घरीसुद्धा ते पाय सोडत नाही. बाय म्हणा, थोडक्यात म्हणा, आणि निघा, दहा वेळा मागे वळून यायचं नाही. परत कधी येणार हे सांगताना घड्याळातली वेळ सांगून उपयोग नसतो कारण तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, त्याला एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी कळतात, म्हणून "गाणी होतील, मग बाहेर खेळाल, मग मी येणार" असं सांगितलेलं जास्त धरून ठेवता येतं. सांगितलं की तसंच यायचं मात्र, उशीर नको.

संध्याकाळचा गोंधळ बऱ्याच जणांना अनपेक्षित असतो. टीचर म्हणतात दिवसभर एकदम गुणी, आणि घरात पाऊल टाकलं की मोजा काढण्यावरून अर्धा तास आरडाओरडा. घरी असताना कॉर्टिसोल सकाळी जास्त आणि दिवस जाईल तसं उतरत जातं, पण पूर्ण दिवस डे केअरमध्ये राहणाऱ्या बऱ्याच लहान मुलांमध्ये ते दुपारकडे उलट चढलेलं सापडतं. शिवाय वाट बघणं, हातातलं खेळणं देणं, सांगितल्यावर बसणं हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग तर विशीपर्यंत पूर्ण तयार होत नसतो, त्यामुळे दिवसभर सांभाळलेलं सगळं आपल्या माणसासमोर बाहेर पडतं. वाईट सवय लागली असं नाही ते. त्या वेळी आणखी एखादा क्लास नको, पाहुणे नकोत, आणि पहिले काही आठवडे झोपेची वेळ थोडी अलीकडे आणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप सांगितली आहे, एक-दोन वर्षांच्यांना ११ ते १४. सकाळी किती वाजता उठायचंय ते धरून उलटं मोजत या, बहुतेक घरांत तासभर तरी कमी पडतो असं मला वाटतं.

मग आजारपण. लहान मुलांना तसंही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, नर्सरीच्या पहिल्या वर्षी दहा-बारा वेळाही होऊ शकते, म्हणजे एक सर्दी गेली न गेली तोच दुसरी. याचा अर्थ प्रतिकारशक्ती कमी आहे असा लगेच होत नाही. सर्दीचे एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत आणि शरीराची प्रत्येकाशी वेगळी ओळख व्हावी लागते. अमेरिकेत टुसॉनला १९८० पासून हजारावर मुलांचा पाठपुरावा केला, त्यात मोठ्या डे केअरला गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त सर्द्या झाल्या पण सहा ते अकरा वर्षांत कमी झाल्या, आणि तेराव्या वर्षी दोन्हीकडे सारखंच. म्हणजे सर्द्यांचा हप्ता भरायचाच असतो, आधी की नंतर एवढाच प्रश्न. लसींचं मात्र असं नाही हां, गोवर किंवा डांग्या खोकल्याची "ओळख" आजारातून करून घेण्यात काहीच शहाणपण नाही, नर्सरीच्या आधी लसींचं कार्ड काढून राहिलेले डोस पूर्ण करा. व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, डॉक्टरांनी दिलं नाही तर मागू नका. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असेल तरच पाठवा. आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, शू फारच कमी होत असेल, मूल नेहमीसारखं प्रतिसाद देत नसेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

शू-शीचं थोडक्यात. डायपर सुटलेलं मूल नर्सरी सुरू झाल्यावर परत चड्डी ओली करायला लागतं हे खूप कॉमन आहे, ओरडू नका. जास्त लक्ष द्यायचं ते शी दाबून ठेवणाऱ्या मुलांकडे, कारण दाबली की कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की अजून दाबतात. तिथलं टॉयलेट आधी एकदा दाखवून आणा आणि घरी शू-शीला वेगळाच शब्द वापरत असाल तर तो टीचरला सांगून ठेवा.

आता लिहिण्याचं, कारण यावरून सगळ्यात जास्त प्रेशर येतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचिकच असतात, तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्यातली साधारण तीन-चारच हाड बनायला लागलेली असतात. बोटांची ताकद, डोळा आणि हात यांचा मेळ हेही अजून घडतंच असतं. माती मळणं, फाडणं, चिकटवणं, मोठ्या कागदावर गिरगटणं यातून जे येतं ते ओळीत अक्षरं गिरवून येत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलांना रोजचा लेखी होमवर्क देणारी नर्सरी मला तरी नको वाटते. वयाचाही फरक बघा, एकाच वर्गात अडीच आणि साडेतीन वर्षांची मुलं असतील तर धाकट्याने मोठ्याच्या आयुष्याच्या जवळपास तीन चतुर्थांशच आयुष्य बघितलेलं असतं, आणि आपण दोघांची चित्रकलेची वही शेजारी ठेवून तुलना करतो.

शेअर करत नाही, एकटाच खेळतो, या तक्रारीचंही तेच. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधकांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचं निरीक्षण मांडलं, त्यात शेजारी बसून आपापलं खेळणं हा एक नेहमीचा टप्पा आहे, मिळून खेळणं हळूहळू येतं. चावणं सुद्धा एक ते तीन वर्षांत बरंच दिसतं, शब्द कमी पडतात तिथे दात येतात, म्हणून दुसऱ्याच्या पालकांशी लगेच भांडायला जाऊ नका.

घरी आल्यावर "आज काय केलं?" विचारलं की उत्तर येतं "काही नाही". लपवत नसतं बिचारं, एवढ्या मोकळ्या प्रश्नावर पूर्ण दिवस आठवून क्रमाने सांगणं या वयात जमत नाही. तपशील हातात दिला की बोलतं, म्हणून नेताना टीचरकडून एखादी गोष्ट विचारून घ्या, वाळूत कोण होतं, कुठलं गाणं झालं, आणि मग "वाळूत काय बनवलंस, पडलं का ते?" असं विचारा, बहुतेक वेळा बाकीचं पण बाहेर येतं, भलत्याच क्रमाने.