सर्व्हर पडल्यावर काय करायचं, हे आपण कुठून शिकलो

प्रॉडक्शन डेटाबेस, म्हणजे गिऱ्हाइकं प्रत्यक्ष वापरतात तो, पडलाय, चॅटवर धडाधड मेसेज येतायत, वरची मंडळी विचारतायत किती वेळ लागेल, आणि तुम्ही टर्मिनलसमोर बसलाय. अशा वेळी आपण जे जे करतो, म्हणजे आधी लॉग (मशीनची नोंदवही) बघणं, रेप्लिकावर म्हणजे डेटाबेसच्या चालू प्रतीवर काम हलवणं (फेलओव्हर), एकाने सूत्रं हातात घेणं आणि बाकीच्यांनी त्याला सांगूनच काही करणं, सगळं निस्तरल्यावर पोस्टमॉर्टेम (काय आणि का बिघडलं याचा अहवाल) लिहिणं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की हे कधी कुणी ठरवलं असा प्रश्न कुणाला पडत नाही. मला तो एका लांबलेल्या रिस्टोअरच्या (बॅकअपमधून डेटा परत भरण्याच्या) वेळी पडला, टक्केवारी पुढे सरकत नव्हती आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून जमेल तसं वाचत आलोय आणि वाचून माझं एक पक्कं मत झालंय. मशीन बिघडण्यावरचा इलाज आपल्या धंद्याला तसा लवकर सापडला, १९९० च्या आसपास तो बराचसा तयार होता. माणूस चुकतो त्यावरचा इलाज शोधायला मात्र पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि तीही दुखणं काय आहे हे १९८५ सालीच कुणीतरी आकड्यांसकट लिहून ठेवलेलं असताना.

अगदी सुरुवातीला भानगड साधी होती, भाग जळायचे. एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकात जवळपास १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या जास्त करून मशीन चालू करून तापताना नाहीतर बंद करून थंड होताना जातात हे लक्षात आल्यावर त्या लोकांनी मशीन बंद करणंच सोडून दिलं, तेव्हा कुठे बिघाडाचं प्रमाण साधारण दोन दिवसाला एक ट्यूब इतकं खाली आलं. न बिघडता ते सलग जास्तीत जास्त चाललं ते ११६ तास, तेही १९५४ साली. मार्क टू या जुन्या संगणकाच्या रिलेत (विजेच्या स्विचमध्ये) अडकलेल्या पतंगाची गोष्ट सगळ्यांना माहितीय, ९ सप्टेंबर १९४७, पतंग वहीत चिकटवून ठेवलाय. लोक ती 'बग' (यंत्रातला दोष) या शब्दासाठी सांगतात, पण तो शब्द इंजिनियर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. मला त्या पानावरची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, तिथे नोंदींपुढे वेळा लिहिल्यात. कधी चालू केलं, कधी थांबवलं, कुठली टेस्ट कधी लावली, दुपारी ३:४५ ला पतंग सापडला. आज इन्सिडेंट (असा बिघाड) चालू असताना आपण एकाला फक्त टाइमलाइन लिहायला बसवतो, ते काम तेव्हापासूनचं आहे.

डेटाबेस आले आणि दुखणं बदललं. मशीन पडलं तर ते उचलून उभं करता येतं, पण ते पडलं तेव्हा काम अर्धवट झालेलं असलं तर काय? एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली. मशीन परत चालू झालं तरी आकडे आता खोटे आहेत, आणि कुठले खोटे हे कुणालाच कळत नाही, ही खरी भीती. एडगर कॉड यांचा, डेटा तक्त्यांत मांडायच्या रिलेशनल मॉडेलचा पेपर १९७० चा, आणि तो प्रत्यक्षात उतरवायला आयबीएमने १९७४ च्या सुमारास सिस्टम आर नावाचा प्रोजेक्ट सुरू केला. त्यात जिम ग्रे होते. एकतर सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही, ही ट्रान्झॅक्शनची कल्पना आज आपल्याला हवापाण्यासारखी वाटते, ती घट्ट बांधण्यात या माणसाचा फार मोठा वाटा आहे, त्यासाठीच त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अशा ट्रान्झॅक्शनने पाळायच्या गुणांना 'ॲसिड' हे नाव १९८३ मध्ये हेर्डर आणि रॉयटर या दोघांनी दिलं.

हे सगळं उभं राहतं ते एका साध्या नियमावर. डेटाला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते लॉगमध्ये लिहा, आणि लॉग डिस्कवर पोचल्याशिवाय कमिट झालं, म्हणजे बदल पक्का झाला, असं कुणाला सांगू नका. यालाच राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. आयबीएमच्याच सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एरीज नावाची पद्धत मांडली, त्यात क्रॅशनंतर डेटाबेस तीन फेऱ्या मारतो. आधी लॉग वाचून पडलो तेव्हा काय काय चालू होतं ते शोधतो, मग जे जे घडलं होतं ते सगळं पुन्हा घडवतो, जे पुढे रद्द करायचंय तेसुद्धा, आणि शेवटी अर्धवट राहिलेलं मागे घेतो. रद्दच करायचं असताना ते आधी पुन्हा कशाला घडवायचं हे मला पहिल्यांदा वाचताना कळेना, नंतर लक्षात आलं की आधी नेमकं पडल्या क्षणापाशी पोचलं तरच तिथून मागे जाण्याची वाट भरवशाची असते. वीज गेल्यावर डेटाबेस पुन्हा चालू होताना स्क्रीनवर रिकव्हरीच्या ओळी सरकतात आणि आपण श्वास रोखून बघत असतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी आत याच जातीचं काम चाललेलं असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हा लॉग आला २००१ मध्ये, ७.१ आवृत्तीत, आणि त्याच लॉगच्या जोरावर पाहिजे त्या वेळेपर्यंत मागे जायची सोय २००५ च्या ८.० मध्ये आली.

तिकडे हार्डवेअरवाले वेगळ्या बाजूने लागले होते. टँडम ही कंपनी १९७४ मध्ये निघालीच मुळी या एका कल्पनेवर की प्रत्येक गोष्ट दुहेरी ठेवायची, एक प्रोसेसर गेला की दुसऱ्याने काम उचलायचं. डिस्कसाठी पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा रेडचा (अनेक डिस्क जोडून एक गेली तरी डेटा टिकवण्याचा) पेपर १९८८ चा.

आणि आता तो १९८५ चा पेपर. जिम ग्रे तोवर टँडममध्ये गेले होते, तिथे त्यांनी गिऱ्हाइकांकडे मशीन का बंद पडतात याच्या नोंदी गोळा केल्या आणि हिशोब मांडला. हार्डवेअरमुळे १८ टक्के. सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के. वीज वगैरे बाहेरच्या कारणांनी १४ टक्के. आणि ४२ टक्के चालवणाऱ्यांमुळे, म्हणजे ऑपरेशन, कॉन्फिगरेशन, देखभाल करताना झालेल्या चुकांमुळे. जे मशीन न थांबण्यासाठीच बनवलंय त्याच्यावरचे हे आकडे आहेत! हार्डवेअरची काळजी घेऊन झाली की उरतो तो माणूस आणि त्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर, हे तिथे सरळ दिसतं. उपाय म्हणून त्यांनी माणसांना दटावलं नाही, त्यांनी म्हटलं सिस्टम अशी बनवा की तिला माणसाने कमीत कमी वेळा हात लावावा लागेल. धंद्याने यातलं दुहेरी ठेवायचं तेवढं उचललं, बाकीचं बरीच वर्षं तसंच पडून राहिलं.

नुसतं दुहेरी ठेवून भागत नाही याचा मोठा धडा १५ जानेवारी १९९० ला मिळाला, अमेरिकेत एटीअँडटीच्या लांब पल्ल्याच्या फोन नेटवर्कमध्ये. न्यूयॉर्कच्या एका स्विचमध्ये किरकोळ अडचण आली, त्याने स्वतःला काही सेकंद बाजूला काढलं, ठीक झाला आणि शेजारच्या स्विचना कळवलं की मी परत आलो. ते ऐकताना शेजारचे कोसळले, सावरले, त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना कळवलं आणि ते कोसळले. ११४ स्विच, सगळीकडे डिसेंबरमध्ये चढवलेलं तेच सॉफ्टवेअर, तीच एक चुकीच्या जागी पडलेली सी भाषेतली ब्रेक ओळ. नऊ तास हे चाललं. सावरण्याची क्रियाच साथीसारखी पसरली होती, शेवटी मेसेजचा भार कमी केल्यावर नेटवर्क शांत झालं. म्हणूनच आज नवं सॉफ्टवेअर सगळ्या सर्व्हरवर एकदम डिप्लॉय करत (चढवत) नाहीत, आधी थोड्यांवर करून थांबतात.

रेप्लिकाचं पण तेच. मी नवीन असताना आमच्याकडे एकाने अपडेट चालवलं, व्हेअर (कुठल्या रांगा बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं, सगळ्या रांगांमध्ये एकच किंमत. सगळे म्हणाले काळजी नको, रेप्लिका आहे. रेप्लिकावर जाऊन बघितलं तर तिने ते अपडेट एका सेकंदात इमानेइतबारे उतरवून घेतलेलं. त्या दिवशी पोटात जो गोळा आला तो मला अजून आठवतो, आणि बॅकअप आणि रेप्लिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यानंतर मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

माणसाच्या बाजूचा इलाज बाहेरून आला. रनबुक, म्हणजे बिघाडात काय काय करायचं याची लिहून ठेवलेली यादी, ही वैमानिकांची चेकलिस्टच. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं नवं विमान चाचणीत उडालं आणि लगेच पडलं, कारण जमिनीवर असताना वाऱ्याने सुकाणूचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडसर काढायची राहिली होती. चालवणारे अनुभवी होते, दोघांचा जीव गेला. त्यातून उड्डाणाआधी वाचायची यादी आली. तसंच इन्सिडेंट कमांडर (बिघाडात सूत्रं हातात घेणारा) हा शब्द अग्निशमन दलाचा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले, अनेक दलं धावून आली पण कोण कुणाचं ऐकणार हेच ठरलेलं नव्हतं, त्यातून पुढे एकच प्रमुख आणि ठरलेली कामं अशी पद्धत बांधली गेली. तीच पुढे गूगलसारख्यांनी उचलली. गूगलमध्ये २००३ ला बेन ट्रेनर स्लॉस यांनी सात जणांची टीम घेऊन एसआरई (सेवा चालू ठेवणं हेच इंजिनियरांचं काम मानणारी पद्धत) सुरू केलं, आणि त्यातली मला सर्वात माणुसकीची वाटणारी गोष्ट ही की बारा तासांच्या ऑन-कॉलमध्ये (बिघाड आला तर धावायच्या पाळीत) दोनपेक्षा जास्त इन्सिडेंट येऊ नयेत असा त्यांचा हिशोब आहे, कारण एक नीट निस्तरून, समजून घेऊन, लिहून काढायलाच कितीतरी तास जातात. झोप न झालेल्या माणसाच्या हातात प्रॉडक्शनचा रूट पासवर्ड (सगळे अधिकार देणारा) देणं हा धोका आहे, हे कुणीतरी आकड्यात मांडणं गरजेचं होतं.

नेटफ्लिक्सचा डेटाबेस ऑगस्ट २००८ मध्ये खराब झाला, तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तिथून ते क्लाउडकडे वळले आणि नंतर केऑस मंकी बनवलं, जे मुद्दाम चालू सर्व्हर बंद करतं. ते ऑफिसच्या वेळेत चालवायचं, सगळे जागे आणि जागेवर असताना, यातच त्याची अक्कल आहे. आणि २०१२ मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेच्या जॉन ऑलस्पॉ यांनी दोष न देणाऱ्या पोस्टमॉर्टेमबद्दल लिहिलं. चुकलेल्या माणसाला शिक्षा केली की पुढच्या वेळी तो लपवतो, आणि लपवलं की नेमकं काय झालं हे कधीच कळत नाही. विचारायचं हे की त्या क्षणी त्याला तेच बरोबर का वाटलं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेत हे सगळं एकदम कसाला लागलं. रात्री उशिरा, रेप्लिका मागे पडलेली, ती नव्याने भरायची म्हणून चालवलेली कमांड काहीच न बोलता थांबून राहिलेली. ती खरं तर मुख्य सर्व्हरची वाट बघत होती, पण तसं सांगत नव्हती. इंजिनियरला वाटलं जुनी डिरेक्टरी आड येतेय, ती उडवायची कमांड दिली, आणि दोन-एक सेकंदात लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं. मग बॅकअप शोधायला गेले तर ते ठेवायची बकेट (साठवणीची जागा) रिकामी, कारण बॅकअपचं टूल ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, रोज फेल जात होतं, आणि फेल गेल्याच्या ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं ते त्याच इंजिनियरने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या प्रतीने). रिस्टोअर चाललं १८ तास, आणि कंपनीने ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्या इंजिनियरला काढलं नाही. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला, सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट, ७०० नवीन युजर. बॅकअप आहे का, याऐवजी रिस्टोअर शेवटचं कधी करून बघितलं, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी टीममध्ये विचारला जायला लागला, आमच्याकडे पण.

गिटहब या तशाच सेवेचं ऑक्टोबर २०१८ मध्ये फक्त ४३ सेकंद नेटवर्क तुटलं. तेवढ्यात ऑटोमॅटिक फेलओव्हरने देशाच्या दुसऱ्या टोकाचा डेटाबेस मुख्य केला, दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी पडल्या, एका क्लस्टरवर (डेटाबेस सर्व्हरच्या गटावर) अशा ९५४. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, कारण त्यांनी वेळेपेक्षा डेटा जपायचं ठरवलं. हा निर्णय घेणाऱ्यांना मी मनापासून मानतो, चोवीस तास लोकांच्या शिव्या खाऊन एकही नोंद वाऱ्यावर न सोडणं सोपं नाही.

आणि अॅमेझॉनची एसथ्री ही फायली साठवायची क्लाउड सेवा, २८ फेब्रुवारी २०१७, म्हणजे गिटलॅबनंतर महिनाभरात. बिलिंगची सिस्टम मंद चालत होती, त्यासाठी थोडे सर्व्हर काढायचे होते, कमांड ठरलेल्या प्लेबुकमधलीच पण तिला दिलेली एक माहिती चुकीची टाकली गेली आणि हवे त्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर निघाले. जे दोन भाग रिस्टार्ट करावे लागले ते मोठ्या रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या प्रदेशात) कित्येक वर्षांत पूर्ण रिस्टार्टच झाले नव्हते, त्यामुळे अंदाजापेक्षा खूप वेळ लागला, आणि सेवा बंद आहे हे सांगणारा डॅशबोर्ड स्वतःच एसथ्रीवर अवलंबून असल्याने दोन तास तो बदलता येईना. नंतर त्यांनी केलं ते असं, टूलमध्ये बदल केला की सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरावीक संख्येच्या खाली गेले तर टूल नकार देईल. टाइप करणाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. जिम ग्रे यांच्या पेपरला तेव्हा ३२ वर्षं झाली होती.