परंपरानिष्ठ ख्रिस्ती लोकमोहीम, अमेरिकेतील

राष्ट्रीय कायदे घडविण्यासाठी, आणि त्याहून अधिक वेळा ते अडविण्यासाठी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती कुटुंबे व चर्चमंडळ्या आपल्या लोकप्रतिनिधींवर जो संघटित दबाव आणतात, ती ही लोकमोहीम. तिच्यात प्रामुख्याने इव्हॅन्जेलिकल (बायबलवचन व व्यक्तिगत श्रद्धा यांवर भर देणारे) प्रॉटेस्टंट, पारंपरिक वळणाचे कॅथलिक आणि अमेरिकेतच उगम पावलेल्या मॉर्मन पंथाचे लोक असतात. राजधानी वॉशिंग्टनमध्ये पगारी प्रतिनिधी नेमून विधेयकांचा पाठपुरावा करणाऱ्या संस्था त्यांच्याकडेही आहेत. पण मोहिमेचे बळ गावोगावच्या माणसांत असते. प्रतिनिधीच्या कचेरीत फोन करणारा त्याच मतदारसंघातला असतो आणि पुढच्या निवडणुकीत मत देणार असतो. प्रतिनिधिगृहाचे 435 आणि सेनेटचे 100 सदस्य ही गोष्ट कधी विसरत नाहीत.

या परंपरेचा उगम टपालात आहे. 1810 च्या कायद्याने ज्या दिवशी टपाल येईल त्या दिवशी, रविवार असला तरी, पोस्टमास्तरने कचेरी उघडणे बंधनकारक झाले. रविवार हा विश्रांतीचा व उपासनेचा दिवस मानणाऱ्यांना हे रुचले नाही. 1828 मध्ये लायमन बीचर आदी धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने रविवार-पालनासाठी संघ स्थापन झाला आणि गावागावांतून सह्यांचे अर्ज काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, जाऊ लागले. सेनेटर रिचर्ड जॉन्सन यांच्या 1829 च्या अहवालाने ही मागणी फेटाळली. कोणता दिवस पवित्र, हे ठरविणे सरकारचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता. पुढे 1912 मध्ये रविवारी पोस्टाच्या कचेऱ्या बंद झाल्या, त्या पाद्री आणि सुट्टी मागणारे टपाल कर्मचारी एकत्र आल्यावर. श्रद्धेच्या मागणीला दुसऱ्या कोणाच्या गरजेची जोड मिळाली की कायदा हलतो, हे इथे प्रथम दिसले.

दारूबंदीच्या चळवळीने या कामाला शास्त्र दिले. 1874 मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाने मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांना सभा घेणे, अर्ज लिहिणे, आमदारांना गाठणे शिकविले. या संघाला ‘परंपरानिष्ठ’ हे आजचे विशेषण सरसकट लावता येणार नाही. त्याच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड स्त्रीमताधिकाराच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. मराठी वाचकाला हा संघ फार पूर्वी भेटला आहे. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी तो जवळून पाहिला आणि 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकाविषयक मराठी ग्रंथात त्याच्याविषयी आदराने लिहिले. घरात कोंडलेल्या बायका एकत्र येऊन सरकारला जाब विचारतात, हे त्यांना आपल्या वाचकांपर्यंत पोहोचवायचे होते.

1893 मध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे निघालेल्या अँटी-सलून लीगची (सलून म्हणजे तिथला दारूचा गुत्ता) रीत त्याहून करडी होती. तिचे नेते वेन व्हीलर उमेदवाराला एकच प्रश्न विचारीत: दारूबंदीच्या बाजूने मत देणार का? पक्ष कोणता, इतर धोरणे काय, खाजगीत तो पितो की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. चर्चमंडळ्यांतून वर्गणी व मते जमवून लीगने दारूबंदीची अठरावी घटनादुरुस्ती पार पाडली. तिला 1919 मध्ये राज्यांची मान्यता मिळाली, 1920 मध्ये बंदी अमलात आली आणि 1933 मध्ये ती दुरुस्तीच रद्द झाली. कायदा पदरात पडणे आणि तो समाजात रुजणे यांतले अंतर या चळवळीला तेव्हा महागात पडले.

आजचे रूप आले ते 1970 नंतर. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मार्च 1972 मध्ये काँग्रेसने संमत केली. 38 राज्यांची मान्यता हवी होती आणि ती लवकरच मिळेल असे सर्वांना वाटत होते. इलिनॉयमधील कॅथलिक गृहिणी व लेखिका फिलिस श्लॅफ्ली यांनी तिच्याविरुद्ध उभ्या केलेल्या मोहिमेत बायका घरी भाजलेले पाव आणि घरचा जॅम घेऊन राज्याच्या विधानसभेत जात आणि सदस्यांच्या हाती देत. या दुरुस्तीने घरसंसार करणाऱ्या बाईचे कायदेशीर संरक्षण जाईल आणि मुलींची लष्करात सक्तीने भरती होईल, हे त्यांचे म्हणणे त्या पावाबरोबर पोहोचत असे. दुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांनी ही भीती निराधार ठरविली. पण राज्यांच्या मान्यतेसाठीची 1982 ची मुदत संपली तेव्हा संख्या 35 वरच अडकली होती.

गर्भपाताच्या विरोधात आधी कॅथलिक पुढे होते, प्रॉटेस्टंट मागून आले. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या 1971 च्या अधिवेशनाने तर काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला होता. पुढच्या दशकभरात चित्र पालटले. 1979 मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी आणि बेव्हर्ली लाहे यांची कन्सर्न्ड विमेन फॉर अमेरिका या संस्था निघाल्या. लाहे यांच्या संस्थेत बायकांचे छोटे गट आधी विधेयकासाठी प्रार्थना करीत आणि मग पत्रे लिहायला बसत. 1989 मध्ये दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी स्थापिलेल्या ख्रिश्चन कोॲलिशनने उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करणारी पत्रके निवडणुकीआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटली.

मोहीम प्रत्यक्षात कशी चालते हे फेब्रुवारी 1994 च्या घटनेतून नीट कळते. केंद्राच्या शालेय शिक्षणविषयक विधेयकात प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉर्ज मिलर यांनी सुचविलेले एक कलम आले: शिक्षकांना ते शिकवीत असलेल्या विषयाचे प्रमाणपत्र हवे. मुलांना घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांच्या कायदेशीर संरक्षणासाठी मायकेल फॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये काढलेल्या संघटनेने या कलमाचा अर्थ असा लावला की आईलाही प्रमाणपत्र मागितले जाईल. तसा हेतू नाही, असे समर्थक सांगत राहिले. तोवर संघटनेने राज्याराज्यांतील पालकगटांना कळविले होते आणि ख्रिस्ती नभोवाणीवरून जेम्स डॉब्सन यांच्यासारख्या वक्त्यांनी विषय घरोघर नेला. एका आईने यादीतल्या पुढच्या चार-पाच जणींना फोन करायचा, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, अशी साखळी. मग प्रत्येकीने आपल्या प्रतिनिधीच्या कचेरीत. लाखो फोन आले, काँग्रेसच्या इमारतीच्या, कॅपिटॉलच्या, तारा तुंबल्या, कर्मचाऱ्यांना दुसरे काम सुचेना. 24 फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहाने ते कलम 424 विरुद्ध 1 मतांनी काढून टाकले. ते एक मत मिलर यांचे. घरशाळांना या कायद्याची झळ पोहोचणार नाही अशी स्वतंत्र तरतूदही प्रतिनिधिगृहाचे सदस्य डिक आर्मी यांच्या सूचनेवरून घालण्यात आली.

हे बळ आकड्यापेक्षा आधीपासूनच्या ओळखीतून येते. दर रविवारी भेटणारी, एकमेकांच्या आजारपणाला धावून जाणारी माणसे एका निरोपावर कामाला लागतात. अनोळखी लोकांची नवी संघटना बांधायला वर्षे जातात. दुसरे म्हणजे, अमेरिकी व्यवस्थेत कायदा अडविणे सोपे आणि करवून घेणे अवघड आहे: समिती, दोन सभागृहे, सेनेटमधील 60 मतांचा अडसर (चर्चा थांबवून मतदान घ्यायला तेवढी मते लागतात), घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्ये. म्हणूनच विवाह म्हणजे एक स्त्री व एक पुरुष यांचाच, ही व्याख्या राज्यघटनेत घालण्याची मोहीम 2004 व 2006 मध्ये सेनेटमध्येच अडली. शाळेत प्रार्थनेला मुभा देणाऱ्या घटनादुरुस्तीलाही यश आले नाही.

करसवलत घेणाऱ्या चर्चने निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करू नये, असे 1954 पासूनचे बंधन आहे. विधेयकावर मात्र बोलता येते, ते चर्चच्या कार्याचा मोठा भाग होऊ नये एवढीच अट. ही रेघ बारीक आहे आणि ख्रिश्चन कोॲलिशनचा करविभागाशी वर्षानुवर्षे झगडा झाला तो याच रेघेवरून.

एकट्याने लढण्यापेक्षा वैचारिक विरोधकांशी हात मिळवून केलेले काम अधिक पदरात पडल्याची उदाहरणे आहेत, आणि माझ्या मते ती अधिक अभ्यासण्याजोगी आहेत. 1993 चा धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा इव्हॅन्जेलिकल संस्था आणि नागरी हक्कवादी संस्था यांच्या संयुक्त आघाडीने आणला. सेनेटमध्ये तो 97 विरुद्ध 3 मतांनी संमत झाला. पुढे त्याच कायद्याच्या वापरावरून या मित्रांचे बिनसले. 2022 मध्ये समलिंगी विवाहांना राष्ट्रीय मान्यता देणारे विधेयक आले तेव्हा बहुतेक परंपरानिष्ठ संस्थांनी ते पाडण्यासाठी पुन्हा फोन व पत्रे धाडली. मॉर्मन चर्चने वेगळी वाट धरली: विवाहाविषयीची आपली शिकवण कायम ठेवून धार्मिक स्वातंत्र्याच्या तरतुदींसह विधेयकाला अनुकूलता दाखविली. सेनेटने ते 61 विरुद्ध 36 मतांनी संमत केले. कोणत्याही ना-नफा धार्मिक संस्थेला अशा विवाहविधीसाठी सेवा किंवा जागा देण्याची सक्ती होणार नाही, हे कलम त्यात राहिले.