घरगुती औषधसाठा, कोकण

रोजची आणि उरलेली औषधं घरात ठेवायची नि नको झालेली टाकायची पद्धत. कोकणात हा साठा बहुतेक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नाहीतर फडताळात असतो, गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की त्यात भर पडते.

इथे उन्हापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. औषध किती टिकतं याची दीर्घकाळची चाचणी भारतात ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला धरतात, पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा त्याच्या कितीतरी वर, म्हणून स्ट्रिपमधून काढून डबीत भरलेल्या गोळ्यांना पाकिटावरची तारीख धरू नये. अ‍ॅस्पिरिन ओलीने फुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल होतं, डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तशी गोळी घेऊच नये. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत लागतं. लाईट गेली की माठात ठेवतात, माठ २ ते ८ अंशांपर्यंत जात नाही, तरी उन्हाळ्यात थोड्या वेळापुरतं ते ठीक, पण पावसात बाष्पीभवनच होत नाही तर माठ थंड कसा राहणार? निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा ही अडचण खरीच मोठी होती.

मुदत संपलेलं औषध विषारी होतं का, हा जुना वाद. त्याचं मूळ बहुतेक जण १९६३ च्या सुमाराच्या अहवालांत शोधतात: खराब झालेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, औषध थांबवल्यावर ते सुधारले. दोष एपिअ‍ॅनहायड्रोटेट्रासायक्लिन या विघटनद्रव्याला दिला जातो, कॅप्सूलमधलं सायट्रिक आम्ल, उष्णता आणि ओल यांनी ते वाढलं असावं, पुढे ते आम्ल वगळलं गेलं. कोकणात हे महत्त्वाचं, कारण भातलावणीत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) घेतलेली डॉक्सीसायक्लिन त्याच गटातली आणि ती घरात उरते. डॉक्सीच्या रेणूत विघटनाचा तो मार्ग नाही, म्हणून तसा धोका नसावा हे मत जास्त पटतं. पण जुनी कॅप्सूल कमी लागू पडली आणि लेप्टो अंगावर काढला तर ते जिवावर बेतू शकतं.

नको झालेलं औषध टाकताना बंबात, उकिरड्यावर, वहाळात जातं. इथला जांभा दगड सच्छिद्र, झिरपलेलं पाणी विहिरीलाच मिळायचं, म्हणून परसात पुरणंही बरं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम धरून १७ औषधं संडासात फ्लश करायला सांगितली, तीही दुसऱ्या कुणी घेतली तर जिवावर बेतू शकतं म्हणून, बाकीची अजिबात नाही. शोषखड्डा आणि विहीर एकाच आवारात असलेल्या घरांनी बाकीची फ्लश न करण्याचं हे विशेष पाळावं. केरळने घरातली औषधं परत घेणारी एनप्राउड योजना काढली, तशी पेटी निदान तालुक्याच्या गावी तरी हवीच. तोवर गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवायच्या, पिशवी घट्ट बांधून मुलं-गुरांपासून लांब ठेवून घंटागाडीवाल्याला वेगळी द्यायची, सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात.