यूएसबी पंखा

यूएसबी पंखा : संगणकाच्या किंवा चार्जरच्या यूएसबी खाचेतून मिळणाऱ्या ५ व्होल्ट विजेवर चालणारा, टेबलावर ठेवायचा लहान पंखा. ४ ते ६ इंच व्यासाची पाती, पुढेमागे जाळी, रबरी पायांचा स्टँड, मागे एक बटण आणि हात-दोन हात वायर एवढाच त्याचा संसार. फोनच्या बुडाशी खोचायचे, मऊ पात्यांचे चिमुकले पंखेही याच जातीचे. मुंबईच्या लोकलमध्ये ते हनुवटीजवळ धरून उभे राहिलेले प्रवासी दिसतात.

कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशा प्रत्येकासाठी संगणकाला वेगळी खाच असे. तो पसारा आवरण्यासाठी १९९६ मध्ये यूएसबी आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील मंडळींत अजय भट यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. माउससारख्या वस्तूला स्वतंत्र अडॅप्टर लागू नये म्हणून माहितीच्या दोन तारांबरोबर विजेच्याही दोन तारा दिल्या गेल्या. पंख्याला फक्त या दोनच तारांशी कर्तव्य. वायर सोलली तर बहुधा लाल आणि काळी एवढ्याच तारा निघतात. त्यामुळे संगणकाच्या लेखी हा पंखा अस्तित्वातच नसतो : ड्रायव्हर (उपकरण ओळखून चालवणारी आज्ञावली) लागत नाही आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीतही नाव येत नाही. काही संगणक बंद केल्यावरही खाचेत वीज राहते, म्हणून रात्री सगळे घरी गेल्यावर हा एकटाच फिरत असतो.

नियमाने पाहिले तर यूएसबी २.० च्या खाचेतून आधी १०० मिलिअँपिअर आणि संगणकाशी बोलणी झाल्यावर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेता येते. पंखा बोलणी न करताच वीज ओढू लागतो आणि बहुतेक खाचा तिकडे काणाडोळा करतात. पाच व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट. या पंख्याचे सारे गुणदोष या अडीच वॅटांत आहेत. छताचा साधा पंखा सत्तरएक वॅट खातो. त्याच्याशी तुलना करून ‘वाराच लागत नाही’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही. पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर वीज जवळजवळ आठपट लागते, त्यामुळे दुकानदाराने ‘हाय स्पीड’ म्हटले म्हणून फार हुरळून जाऊ नये. लहान पात्यांचा झोतही लवकर विरतो. हातभर अंतरावर चेहऱ्याला सुखावणारा वारा शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, आणि एसीवरून भांडणे होणाऱ्या कचेरीत हीच त्याची मोठी सोय आहे.

पंखा हवा गार करत नाही. बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते; अंगालगतची कोंदट हवा हटवून घाम उडायला मदत करणे एवढेच पंख्याचे काम. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या चिकचिकाटात त्याचा उपयोग चटकन जाणवतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मात्र हवाच त्वचेपेक्षा गरम असते आणि पंखा झळा अंगावर आणून डोळे कोरडे करतो. तिथे कूलरला पर्याय नाही.

दोन अँपिअरच्या चार्जरला लावला तर पंखा जळेल, ही भीती निराधार आहे. व्होल्ट पाचच असतील तर पंखा आपल्या गरजेपुरतीच वीज घेतो. जलद चार्जरही मागणी आल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाहीत, आणि साधा पंखा मागणी करत नाही. खरी अडचण हबवर (एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या डबीवर) येते : वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबला पंखा आणि हार्ड डिस्क एकत्र लावली की विजेची ओढाताण होऊन डिस्कचा संगणकाशी संपर्क मध्येच तुटतो. स्वस्त मोटरच्या ब्रशमुळे (फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणाऱ्या तुकड्यांमुळे) स्पीकरमध्ये खरखरही येते. ब्रशविरहित मोटर शांत असते आणि जास्त टिकते; ऑनलाइन मीटिंगा करणाऱ्यांनी चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी.

वीज गेली की पंखा लॅपटॉपला लावणे म्हणजे बॅटरी लवकर संपवणे. त्यापेक्षा पॉवर बँक बरी. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात. गळती धरूनही अडीच वॅटचा पंखा दहा-बारा तास चालतो. आत सेल असलेले पंखेही मिळतात. त्यातल्या स्वस्त मालात टाइप-सी खाच असूनही दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जिंग होत नाही, कारण समोरच्या चार्जरला ओळख पटवणारे दोन छोटे रोधक गाळलेले असतात. जुनी चौकोनी टोकाची केबल लावली की तोच पंखा निमूट चार्ज होतो.

पात्यांच्या कडेला धुळीची करडी किनार धरली की पंखा थरथरतो आणि आवाज वाढतो. जाळी काढून पाती ओल्या फडक्याने पुसावीत. साध्या बुशाचा (दांडा ज्यात फिरतो त्या नळीचा) पंखा कुरकुरू लागला, तर दांड्याशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.