कार्डिफ : प्रेक्षणीय स्थळे व एका दिवसाच्या सहली

वेल्सची राजधानी कार्डिफ हे टॅफ नदीच्या मुखाशी, सेव्हर्नच्या खाडीकाठी वसलेले शहर आहे. १९०५ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १९५५ मध्ये राजधानीचा. १८०१ मध्ये येथे दोन हजारही वस्ती नव्हती. उत्तरेकडच्या दऱ्यांतील दगडी कोळसा जहाजांवर चढवण्यासाठी ब्यूट घराण्यातील दुसऱ्या मार्क्विसने (ही सरदारकीची एक पदवी) १८३९ मध्ये गोदी बांधली आणि गाव झपाट्याने वाढले. १९१३ मध्ये येथून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला. वेल्सचा हा कोळसा आगबोटींसाठी मुंबई बंदरातही येत असे. आज पर्यटक कार्डिफमध्ये जे पाहतात, त्यातले बरेचसे या कोळशाच्या पैशातून उभे राहिले आहे. उरलेल्यातले पुष्कळ, कोळसा संपल्यावर ओस पडलेल्या जागेवर.

कार्डिफचा किल्ला शहराच्या ऐन मध्यात आहे आणि बहुतेकांची भटकंती तिथूनच सुरू होते. पहिल्या शतकात येथे रोमन सैन्याचा तळ होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी त्याच जागी मातीचा उंचवटा रचून तटबंदी केली. त्यावरचा दगडी बुरूज नंतरचा आहे. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम द काँकरर याचा थोरला मुलगा रॉबर्ट याला त्याच्या धाकट्या भावाने, राजा पहिल्या हेन्रीने, कैदेत ठेवले होते. तो ११३४ मध्ये याच किल्ल्यात मरण पावला. पण लोक तिकीट काढतात ते मुख्यतः पश्चिमेकडच्या महालासाठी. तिसरा मार्क्विस आपल्या काळातील अतिश्रीमंतांपैकी एक. मध्ययुगाचे त्याला वेड होते, आणि वास्तुकार विल्यम बर्जेस हा त्याच्याहून वेडा. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोघांनी मिळून जुन्या वास्तूला घड्याळाचा मनोरा, सोन्याचा मुलामा दिलेल्या छताचे अरबी दालन, भित्तिचित्रांनी भरलेला भोजनकक्ष अशी एकेक भर घातली. भिंतीची एक वीतही कोरी सोडलेली नाही. काहींना हे फार होते. पण पैशाची अडचण नसलेल्या कल्पनाशक्तीचे एवढे धडधडीत उदाहरण ब्रिटनमध्ये क्वचितच सापडेल. विशेष म्हणजे, मार्क्विसचे कुटुंब वर्षातले थोडेच दिवस येथे राहत असे. दुसऱ्या महायुद्धात तटाच्या आतील बोगदे हवाई हल्ल्यांपासून आसऱ्यासाठी वापरले गेले. तेही आता पाहता येतात. १९४७ मध्ये पाचव्या मार्क्विसने किल्ला शहराला देऊन टाकला. त्याला लागून टॅफच्या काठाने पसरलेले ब्यूट पार्क फुकट आहे, आणि त्याच्या भिंतीवरून डोकावणारे दगडी प्राणी लहान मुलांना महालापेक्षा जास्त आवडतात.

तिसरा मार्क्विस व बर्जेस याच जोडगोळीने शहराच्या उत्तर वेशीवर, टाँगविनलाइस गावाजवळच्या झाडीत, पडक्या किल्ल्याच्या पायावर कॅस्टेल कोख उभारले. बांधकाम १८७५ मध्ये सुरू झाले. बर्जेस १८८१ मध्ये वारला, तरी त्याच्या नकाशांबरहुकूम ते पुरे झाले. तिन्ही बुरुजांच्या शंकूसारख्या टोप्या दुरूनच ओळखू येतात.

वेळ एकाच दिवसाचा असेल तर मात्र तो सेंट फॅगन्सला द्यावा. शहराच्या पश्चिमेचे हे खुले संग्रहालय १९४८ मध्ये सुरू झाले. अर्ल ऑफ प्लिमथ यांनी आपला वाडा व बाग दिली आणि लोकजीवनाचे अभ्यासक योरवर्थ पीट यांनी कल्पना साकार केली. वेल्सभरातील चाळीसहून अधिक इमारती मूळ जागी दगड दगड सुटा करून येथे आणल्या व पुन्हा जोडल्या. गावरस्त्यावरून चालावे तसे आपण शेतघर, शाळा, वाण्याचे दुकान, कामगारांचे सभागृह यांतून हिंडतो. गावर द्वीपकल्पातून आणलेल्या केनिक्स्टन शेतघराच्या भिंती लाल रंगाच्या आहेत. हा रंग वाईट शक्तींना दूर ठेवतो अशी समजूत होती. सेंट टिलोचे चर्च सोळाव्या शतकात, भिंतींवर चित्रे असताना, दिसले असेल तसे सजवले आहे. सर्वांत बोलकी आहे ती मर्थर टिडविल येथून आणलेली रीड-अ-कार ही लोहकामगारांची घरांची ओळ. सहाही घरे एकसारखी. पण एक १८०५ सालचे, पुढची १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचे १९८५ सालचे. चूल जाऊन गॅस येतो, देवाधर्माच्या चित्रांजागी टीव्ही येतो, परसदारही बदलते. राजेरजवाड्यांचे सामान सगळीकडेच जपलेले असते. मजुराच्या मोरीचा आणि भांड्यांचा इतिहास इतक्या आस्थेने मांडलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो. लोहार, विणकर व भटारी तिथे प्रत्यक्ष काम करतात. २०१९ मध्ये या संग्रहालयाला ब्रिटनमधील वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. प्रवेश विनामूल्य आहे, गाडी लावण्याचे पैसे पडतात. बसही जाते.

कॅथेज पार्क भागातील राष्ट्रीय संग्रहालयातही प्रवेशशुल्क नाही. तेथील मोने, रेन्वार आदी फ्रेंच चित्रकारांच्या चित्रांचा संग्रह मुख्यतः ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस या भगिनींच्या देणगीतून आला आहे. त्यांची श्रीमंतीही खाणी आणि गोदी उभारणाऱ्या आजोबांकडून आलेली. मधल्या बाजारपेठेत काचेच्या छताचे व्हिक्टोरियन व एडवर्डियन दुकानबोळ आहेत. पाऊस लागला की (आणि तो लागतोच) त्यांचा फार उपयोग होतो. १८९४ मध्ये सुरू झालेले स्पिलर्स हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान जगातले सर्वांत जुने म्हणवते.

दक्षिणेकडची जुनी गोदी आता कार्डिफ बे म्हणून ओळखली जाते. सेव्हर्नची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. ओहोटीला येथे नुसता चिखल उरत असे. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या बंधाऱ्याने पाणी अडवून सुमारे २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे सरोवर केले. हॉटेले व सदनिका आल्या; चिखलात चरणारे पाणपक्षी मात्र बेघर झाले आणि त्यांच्या बदल्यात न्यूपोर्टजवळ पाणथळ राखीव क्षेत्र करावे लागले. काठावर १८९७ ची तांबडी पियरहेड इमारत, २००६ मध्ये खुले झालेले सेनेड म्हणजे वेल्सचे संसदभवन, आणि वेल्स मिलेनियम सेंटर हे नाट्यगृह आहे. नॉर्वेच्या खलाशांसाठी बांधलेल्या पांढऱ्या लाकडी चर्चमध्ये लेखक रोआल्ड डाल यांचा बाप्तिस्मा झाला होता. सरोवराभोवतीची सुमारे १० किलोमीटरची वाट बंधाऱ्यावरून पेनार्थकडे जाते; चालायला किंवा सायकलला उत्तम. याच बंदरातून १५ जून १९१० रोजी कॅप्टन स्कॉटचे टेरा नोव्हा हे जहाज दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले. त्याचे स्मारक असलेला दीपस्तंभ रोथ पार्कच्या तळ्यात आहे.

टॅफकाठच्या सोफिया गार्डन्स मैदानाशी मराठी क्रिकेटप्रेमींचे थोडे नाते आहे. मुंबईकर रवी शास्त्री १९८७ ते १९९१ या काळात, हे मैदान ज्यांचे त्या ग्लॅमॉर्गन कौंटीकडून खेळले. राहुल द्रविडने आपला शेवटचा एकदिवसीय सामना सप्टेंबर २०११ मध्ये येथेच खेळला.

शहराबाहेरच्या सहलींत केअरफिली सर्वांत सोपी : आगगाडीने जेमतेम अर्धा तास. १२६८ मध्ये बांधायला घेतलेल्या तेथील जलदुर्गाचा कललेला बुरूज प्रसिद्ध आहे. ब्लाएनाव्हनच्या बिग पिट खाणीत निवृत्त खाणकामगार पर्यटकांना सुमारे ९० मीटर खाली नेतात. ज्वालाग्राही वायूच्या भीतीने बॅटरीवरचे घड्याळ आणि फोन वरच ठेवावे लागतात. फ्लॅट होम बेटावर बोट जाते ती भरतीच्या वेळा पाहून. १८९७ मध्ये मार्कोनीने या बेटावरून व लॅव्हर्नॉकच्या टोकावरून समुद्रापार पहिले बिनतारी संदेश पाठवले. डोंगर हवे असणाऱ्यांसाठी बनाय ब्रिखेइनिओग राष्ट्रीय उद्यानातील ८८६ मीटर उंचीचे पेन-अ-व्हान आहे.

तारखा ठरवण्यापूर्वी प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमचे वेळापत्रक पाहावे. सुमारे ७४ हजार प्रेक्षक मावणारे, सरकते छत असलेले हे रग्बीचे मैदान भर बाजारात, स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर आहे. वेल्सचा सामना असला की आसपासचे रस्ते बंद होतात आणि राहण्याचे दर भलतेच चढतात. रग्बीशी देणेघेणे नसलेल्याने त्या दिवशी सेंट फॅगन्स गाठावे.