खड्डा चुकवून पुढे जाऊ नका, कळवा : सायकल चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सायकल दुरुस्तीला आली की चाक बघूनच बऱ्याचदा कळतं काय झालंय ते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं असली तर ते काचेचं किंवा खिळ्याचं पंक्चर नाही. चाक कुठल्यातरी कडेवर जोरात आदळलं, टायर दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली गेली, त्याची ती खूण असते. अशा चाकाच्या रिमची कड बऱ्याचदा आत गेलेली असते, एखादा स्पोक तुटलेला असतो, चाक आउट झालेलं असतं, म्हणजे वाकडं होऊन फिरताना डुलत असतं. आम्ही आउट काढून देतो, ट्यूब बदलतो, तुम्ही परत त्याच रस्त्याने जाता आणि खड्डा तिथेच असतो. पुढच्या वेळी चाकावर निभावेलच असं नाही, म्हणून हे पत्रक प्रत्येक ग्राहकाला देतोय, कृपया पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या, रस्ता खराब आहे हे पालिकेला आपोआप कळत नाही. रस्त्यांची पाहणी होते, पण ती ठराविक दिवसांनी होते आणि पुष्कळदा गाडीत बसून होते. गाडीचा टायर वीतभर रुंद, तुमचा २५ ते ५० मिलिमीटर. पावसाच्या पाण्याच्या जाळीत ३० मिलिमीटरची फट असली तर गाडीवाल्याला ती असल्याचा पत्ताही लागणार नाही, पण तीच फट तुमच्या जाण्याच्या दिशेने लांब असेल तर बारीक टायर सरळ आत जातो, चाक जागीच अडकतं आणि माणूस हॅन्डलवरून पुढे फेकला जातो. तेव्हा जे फक्त सायकलवरून जाणवतं ते सायकलवाल्यानेच सांगायला हवं, दुसरं कोणी सांगणार नाही.

काय काय कळवायचं

खड्डे तर आहेतच, पण लोक फक्त खड्ड्यांचीच तक्रार करतात आणि बाकीचं राहून जातं. आमच्या मते उभ्या फटी आणि उभ्या कडा हा सगळ्यात वाईट प्रकार. केबल किंवा पाइप टाकायला चर खोदतात, वरून डांबर घालतात, नीट दाबलेलं नसलं की काही दिवसांनी तो पट्टा खचतो आणि रस्त्याच्या लांबीत एक कड तयार होते. ती आडवी असती तर धक्का बसून गेला असता, पण उभी कड पुढचं चाक धरून ठेवते, तुम्ही हॅन्डल वळवता तरी चाक वर चढत नाही आणि तोल जातो. काँक्रीटच्या दोन स्लॅबमधली फट, ट्रामचे रूळ, पुलावरचे सांधे, सगळ्यांची तीच गत. (रूळ ओलांडायचेच असतील तर शक्य तितके काटकोनात ओलांडा, वेग आधीच कमी करा, रुळावर असताना ब्रेक मारू नका.)

मग चेंबरची झाकणं. रस्त्यावर नवीन थर टाकला आणि झाकण खालीच राहिलं तर तो खड्डाच झाला, वर आलं तर ठेच, आणि घासून गुळगुळीत झालेलं लोखंडी झाकण ओलं असलं की त्यावर वळताना टायर सटकतो. सायकल ट्रॅकवर झाडाच्या मुळांनी उचललेलं डांबर, निसटलेले पेव्हर ब्लॉक, वळणावर पसरलेली खडी, सांडलेलं डिझेल, कायम ओल राहिल्यामुळे धरलेलं शेवाळ, डोक्याच्या उंचीवर आलेल्या फांद्या, ट्रॅकच्या मधोमध उभा केलेला आणि रात्री न दिसणारा खांब, बंद पडलेला दिवा, काम संपल्यावर ट्रॅकवरच सोडून दिलेला बोर्ड, हे सगळं तक्रार करण्यासारखंच आहे. त्यासाठी कोणी पडायची वाट बघायची नाही.

आणि लहान असतानाच कळवा. खड्डा एका दिवसात होत नाही, आधी डांबराला बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी खाली जातं, खालची खडी-माती सैल होते, वरून गाड्या जातात तसं ते पाणी बारीक माल घेऊन बाहेर येतं, आतून पोकळी होते आणि मग वरचा थर एकदम खचतो. थंड प्रदेशात तर आत शिरलेलं पाणी गोठून साधारण ९ टक्के फुगतं आणि भेग आतूनच उघडत जाते. भेगांची जाळी दिसायला लागली तेव्हाच कोणी लक्ष घातलं तर काम सोपं असतं.

जागा सांगताना

तक्रारी वाया जातात त्या इथे. "मेन रोडवर मोठा खड्डा आहे, लवकर बुजवा" असं लिहिलं तर माणूस येतो, शोधतो, त्याला दुसराच खड्डा सापडतो किंवा काहीच सापडत नाही, आणि तक्रार बंद होते. मोबाइलच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात ते कॉपी करा. दशांश चिन्हानंतर पाच आकडे असतील तर जागा साधारण एका मीटरपर्यंत नेमकी कळते, चारच असतील तर दहा-अकरा मीटर इकडेतिकडे होऊ शकते. पण फोनचा स्वतःचा जीपीएस मोकळ्यावरसुद्धा काही मीटर चुकतो, उंच इमारतींमधे किंवा दाट झाडाखाली आणखी जास्त, म्हणून आकड्यांच्या जोडीला शब्दातही लिहाच : कोणत्या दिशेने जाताना, डावीकडे की उजवीकडे, कडेपासून किती अंतरावर, जवळच्या दिव्याच्या खांबावर नंबर असेल तर तो.

असं लिहिलं तर चालेल : "पुलाकडून शाळेकडे जाताना डाव्या बाजूला, दिव्याच्या खांब क्र. १४ समोर, कडेपासून अंदाजे ७० सेंमी अंतरावर चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा ५ सेंमी खाली आहे. सायकलवाल्यांना ते चुकवायला गाड्यांच्या लेनमधे यावं लागतं. तिथे उतार असल्यामुळे सायकली वेगात असतात. रात्री दिवा बंद असतो." यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. खड्ड्याचं माप एक सांगतं, पण सायकलवाला तिथे काय करतो, कुठे वळतो, मागून काय येत असतं, यावरून धोका कळतो, आणि आलेल्या तक्रारी वाचून आधी कुठलं काम घ्यायचं हे ठरवणाऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं. रागाने लिहायचा मोह होतो, समजू शकतो, पण त्या चार ओळींत राग घातला तर माप घालायला जागा उरत नाही.

फोटो दोन काढा. एक लांबून, ज्यात वळण, इमारत, खांब असं काहीतरी ओळखीचं येईल, आणि एक जवळून, ज्यात मापाला पंप किंवा पाण्याची बाटली शेजारी ठेवलेली असेल. खोली दाखवायची तर खड्ड्यावर आडवी काठी ठेवून तिथून खालपर्यंत मोजा. ब्रिटनमधल्या अनेक काउन्सिल (म्हणजे तिथल्या पालिका) रस्त्यावर ४० मिलिमीटर आणि फुटपाथवर २० मिलिमीटर खोली ही कारवाईची मर्यादा धरत आल्या आहेत, असे आकडे तुमच्या पालिकेचे काय आहेत ते विचारून घ्या आणि तक्रारीत मोजलेला आकडाच लिहा. पाणी भरलं असेल तर ओसरल्यावर परत फोटो काढा, पाण्याखालची खोली फोटोत दिसत नाही. आणि हे सगळं करताना सायकल रस्त्याच्या बाहेर उभी करा, वाहतूक चालू असेल तर मापं-बिपं सोडून द्या, लांबूनचा एक फोटो पुरे. फोटोसाठी जीव धोक्यात घालू नका, खरंच सांगतोय.

एक छोटी गोष्ट, फोनने काढलेल्या फोटोत जागेची माहिती साठवलेली असू शकते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते. दुसऱ्या कोणाला तक्रार करायला फोटो पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर जागा वेगळी लिहा.

कोणाकडे

प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. मोठे हमरस्ते वेगळ्या खात्याकडे असतात, बागेतली वाट उद्यान खात्याकडे, कालव्याकाठची किंवा रेल्वेच्या जागेतली तिसऱ्याकडे. झाकण असेल तर त्यावर ओतीव अक्षरं बघा, पाण्याचं आहे, टेलिफोनचं आहे की विजेचं, ते बहुतेक तिथेच कळतं आणि ती अक्षरं तक्रारीत घातली की "हे आमचं नाही" म्हणत फिरवाफिरवी कमी होते. कळतच नसेल तर पालिकेकडेच द्या आणि योग्य ठिकाणी पाठवायला सांगा. झाकणच गायब आहे, तार लोंबतेय, झाड आडवं पडलंय, रस्ता खचलाय असं काही असेल तर फॉर्म भरत बसू नका, सरळ हेल्पलाइनला फोन करा आणि शक्य असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सावध करा.

बाकी वेळी मात्र लेखीच द्या, पालिकेचं अ‍ॅप, वेबसाइट, ईमेल, जे असेल ते. ब्रिटनमधे मायसोसायटी या संस्थेने २००७ मधे फिक्समायस्ट्रीट सुरू केलं, नकाशावर टाचणी लावायची, दोन ओळी लिहायच्या, तक्रार संबंधित काउन्सिलकडे जाते आणि नकाशावर सगळ्यांना दिसते. त्याचा कोड खुला असल्यामुळे इतर देशांतही तशा साइट निघाल्या. असं काही तुमच्याकडे असेल तर तेच वापरा, कारण तक्रार उघड दिसली की दुसऱ्यालाही त्यात भर घालता येते आणि ती दडपणं अवघड होतं.

लेखी का, तर तारखेसाठी. उदाहरण इंग्लंडचं देतो. तिथल्या १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम ४१ प्रमाणे रस्ता नीट ठेवायची जबाबदारी प्रशासनाची आहे, पण कलम ५८ प्रमाणे आम्ही वाजवी काळजी घेतली होती असा बचाव त्यांना करता येतो, आणि तो तपासताना कोर्ट हेही बघतं की रस्त्याची अवस्था त्यांना माहीत होती का किंवा माहीत असायला हवी होती का. म्हणजे आज तुम्ही केलेली तक्रार उद्या तिथे पडणाऱ्या अनोळखी माणसाच्या कामी येऊ शकते. इतर देशांत कायदा वेगळा असेल पण तारखेसह लेखी पुरावा कुठेही उपयोगीच पडतो.

तक्रार केल्यानंतर

तक्रार क्रमांक जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. एका तक्रारीत पाच खड्डे लिहू नका, त्यातला एक बुजला की पाचांचीही तक्रार बंद होऊ शकते. "काम पूर्ण" असा मेसेज आला तर पुढच्या फेरीत जागा बघून घ्या. खड्डा स्वच्छ न करता, कडा चौकोनी न कापता, ओल्यातच माल टाकून फावड्याने थोपटलेला पॅच थोड्याच दिवसांत उखडतो आणि सुटी खडी सगळी सायकलच्या वाटेत येते. पॅच रस्त्यापेक्षा वर आला असेल तरी तो धोकाच आहे. अशा वेळी जुना क्रमांक देऊन, नवा फोटो लावून तीच तक्रार पुन्हा उघडायला सांगा. आणि काम चांगलं झालं असेल तर तेही दोन शब्दांत कळवा, त्या लोकांना फक्त शिव्याच ऐकायला मिळतात.

आदळून सायकलचं नुकसान झालं असेल तर दुरुस्तीच्या आधी फोटो काढा आणि सायकल तशीच आमच्याकडे आणा. रिम, स्पोक, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), हेडसेट (हॅन्डल वळतं तिथले बेअरिंग), कुठे काय झालंय आणि ते आदळल्यामुळे झाल्यासारखं आहे का, हे आम्ही बिलाबरोबर लेखी देतो, भरपाई मागताना ते लागतं. बदललेली रिम आणि ट्यूब भंगारात टाकू नका, प्रकरण मिटेपर्यंत घरी ठेवा. चिमटा कार्बनचा असेल तर वरून काही दिसलं नाही तरी तपासल्याशिवाय चालवू नका.

फॉर्म भरता येत नसेल, भाषा अडत असेल, किंवा जागा नकाशावर सापडत नसेल तर सायकल सोडायला याल तेव्हा सांगा, आम्ही बसून भरून देऊ, याचे वेगळे पैसे नाहीत. तक्रार तुमच्याच नावाने जाईल आणि क्रमांकाचा मेसेज तुमच्याच फोनवर येईल.